झाली बाप्पा रजिस्ट्री!

दिवाळीत घरासाठी नागपुरातलं बेसा, मनीषनगर पालथं घालाले सुरुवात केली तेव्हा वाटलं महिनाभरात आटपते. घर पसंत पडालेच चार महिने लागले, आन् पुढं कागदांचे तीन, म्हणजे बँकेचा वकील मालकीच्या कागदांचा ३० वर्षांचा सर्च काढते, मंग घराची किंमत ठरवाले व्हॅल्युअर येते, मधातच आरएल लेटरवर (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) घर विकणाऱ्या आजींचं नाव चुकलेलं निघालं. (बायकोच्या एकटीच्या नावानं घेतलं, स्टँप ड्युटीत १ टक्का सूट, आता रोज ऐकून घेऊन राहिलो.) आज सर्व्हर डाऊन, दोन तास बाकावर, वरून आजींचा अंगठा मशीन घेईचना, पदराला पुसू पुसू पाचव्यांदा उठला तवा त्यांच्याच डोळ्यात पाणी. बाहेर आल्यावर सगळ्यांनी तर्री पोहे हाणले. चाबी पुढच्या हप्त्यात भेटन म्हणते.