तुम्ही विचारलंत म्हणून: माणसाला कशाचीही सवय होते का?

माझं काम काय, हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मी मानसशास्त्रातल्या प्रश्नावल्या मराठीत आणते. त्यातल्या बऱ्याचशा जुळवून घेण्याबद्दलच्या असतात. नव्या नोकरीत, लग्नात, आजारपणात, परक्या मुलखात माणूस कितपत रुळला, ते मोजणाऱ्या. एवढं ऐकलं की समोरची व्यक्ती म्हणते, "म्हणजे शेवटी माणसाला कशाचीही सवय होतेच, नाही का?" बहुतेकांना माझ्याकडून 'हो' हवं असतं. कधी कधी विचारण्याच्या सुरावरूनच कळतं की 'नाही' ऐकायचंय. आजवर मी हसून वेळ मारून नेली, आज जरा सविस्तर सांगते.

आधी क्रियापदांकडे बघा. मराठीत सवय 'होते' आणि जुळवून 'घेतात'. चष्म्याची सवय होते, लवकर उठणं अंगवळणी पडतं, नव्या जागी माणूस रुळतो. यात कुणी मुद्दाम काही करत नाही, आपोआप घडतं. उलट जुळवून घेतात, चालवून घेतात, सोसून घेतात, तेव्हा घेणारं कुणीतरी असतं आणि त्याची किंमतही त्यानेच मोजलेली असते. शास्त्रीय लेखनात या सगळ्यावर 'अनुकूलन' किंवा 'समायोजन' असा एकच शिक्का बसतो. मग डोळ्यांचा अभ्यास करणारा आणि संसाराचा अभ्यास करणारा एकाच शब्दाने बोलतात आणि आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असं दोघांनाही वाटत राहतं.

'होणं' बघायचं असेल तर लोलकाचा चष्मा घालून बघावा. विद्यार्थ्यांना दाखवायला मी हा खेळ नेहमी करते. समोर टोपली, हातात कागदाचे बोळे आणि डोळ्यांवर असा चष्मा की समोरचं सगळं थोडं उजवीकडे सरकलेलं दिसतं. पहिला बोळा टोपलीच्या बराच उजवीकडे पडतो. दुसराही. वर्गात हशा पिकतो. दहा-पंधरा फेकींनंतर मात्र बोळे टोपलीत पडायला लागतात आणि फेकणाऱ्याला आपण काय बदललं ते सांगता येत नाही. मग मी चष्मा काढायला लावते आणि म्हणते, "आता टाक." बोळा डावीकडे जातो. चष्मा काढलाय हे त्याला ठाऊक असतं, टोपली कुठे आहे ते स्वच्छ दिसत असतं, तरीही हात चुकतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात या प्रकारचे प्रयोग केले तेव्हापासून हा उलटा परिणाम नोंदला गेलाय. चष्मा असताना नेम बसला, तर मुलाने नुसती युक्ती केली असेल अशी शंका घेता येते. चष्मा गेल्यावर नेम चुकला की मात्र आत काहीतरी खरंच सरकलं होतं याची खात्री पटते.

१८९७ मध्ये जॉर्ज स्ट्रॅटन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जग उलटं दाखवणारं भिंग आठ दिवस एका डोळ्यावर वागवलं, दुसरा डोळा झाकून. हळूहळू त्याची हालचाल जमू लागली. भिंग काढल्यावर जग काही उलटं दिसलं नाही, पण ओळखीची खोली कित्येक तास विचित्र, गोंधळात टाकणारी वाटत राहिली. मला त्याचे आठ दिवस कमी आणि ते शेवटचे काही तास जास्त महत्त्वाचे वाटतात.

या 'होण्या'ला मर्यादाही आहेत. लोलकाच्या प्रयोगात खांद्यावरून फेकण्याचा सराव केला तर खालून फेकताना त्याचा बहुतेकांना उपयोग होत नाही, असं १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे सवय सुद्धा माणसाला झाली असं म्हणण्यापेक्षा त्या हाताच्या त्या हालचालीला झाली असं म्हणावं लागतं.

'कशाचीही सवय होते' या समजुतीमागे बहुधा सुखाबद्दलचं संशोधन असतं. १९७८ मधला फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास तुम्हीही कुठेतरी ऐकला असेल: लॉटरी लागलेले आणि अपघाताने पंगू झालेले, दोघंही थोड्याच काळात पूर्वीइतकेच सुखी होतात. अभ्यासात मात्र असं काही नाही. ० ते ५ च्या मोजपट्टीवर लॉटरीवाल्यांची सरासरी ४.०० होती आणि तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य लोकांची ३.८२. एवढ्या फरकाला संख्याशास्त्रात फारसा अर्थ नाही, हे खरं. पण अपघातग्रस्तांची सरासरी २.९६ होती. लोकांना वाटतं तितकी ती खाली नव्हती, पण इतरांपेक्षा खालीच होती. शिवाय तो एकाच वेळी घेतलेला आकडा, तीच माणसं आधी कशी होती याची नोंद नाही. सांगोवांगी होत होत २.९६ चे कधी 'सारखेच' झाले कळलंही नाही.

खरी परीक्षा पुढे जर्मनीत झाली. तिथे हजारो लोकांना दरवर्षी तेच प्रश्न विचारले जातात. रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी पंधरा वर्षांच्या नोंदी तपासल्या, २४ हजारांहून जास्त माणसांच्या. लग्नाने वाढलेलं समाधान सरासरीने काही वर्षांत मूळ पातळीला आलं. जोडीदार गेल्यावर ती पातळी पुन्हा गाठायला साधारण आठ वर्षं लागली. आणि नोकरी गेलेल्यांचं समाधान, पुन्हा नोकरी लागल्यानंतरही, सरासरीने पूर्वीइतकं झालं नाही. आवाजाचंही तसंच. नव्या महामार्गाशेजारच्या रहिवाशांना नील वाइनस्टाइनने रस्ता सुरू झाल्यावर चार महिन्यांनी आणि सोळा महिन्यांनी विचारलं. त्रास कमी झाला नव्हता. उलट, आपल्याला याची सवय होईल ही आशा कमी झाली होती.

आता माझीच एक गोष्ट सांगते. एका जुन्या ऑफिसात माझ्या डोक्यावरची ट्यूब सतत गुणगुणायची. मी तीनदा तक्रार केली, मग सोडून दिली. पुढे तो आवाज मला ऐकूच येईना. वर्षभराने शेजारच्या टेबलावर नवी मुलगी आली आणि पहिल्याच सकाळी म्हणाली, "हा कसला आवाज?" त्या क्षणापासून दिवसभर मला दुसरं काही ऐकू आलं नाही. नंतर कधीतरी तक्रारवही चाळली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं: निकाली. तक्रार थांबली, म्हणजे प्रश्न सुटला! हसू नका, आमच्या प्रश्नावल्याही पुष्कळदा हेच करतात.

भाषेच्या अभ्यासकांना मात्र मी मानते. त्यांनी 'होणं' आणि 'घेणं' दोन्ही पकडलंय. गोंगाटात आपला आवाज आपसूक चढतो आणि गोंगाट थांबला की उतरतो. हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये नोंदवलं. हे झालं 'होणं'. १९८६ मध्ये हर्बर्ट क्लार्क आणि डॉना विल्क्स-गिब्ज यांनी दोन माणसांना मध्ये पडदा लावून बसवलं. एकाने विचित्र आकृत्यांचं वर्णन करायचं, दुसऱ्याने तशाच आकृत्या त्या क्रमाने लावायच्या. पहिल्या फेरीत एका आकृतीसाठी सरासरी ४१ शब्द लागले: बर्फावर घसरत चाललेल्या माणसासारखी, पण दोन हात पुढे काढलेली, वगैरे. सहाव्या फेरीत ८ शब्दांत काम झालं. तोवर ती आकृती दोघांपुरती 'घसरणारा' होऊन बसली होती. जोडीदार बदलला की पुन्हा लांबण. इथे कोण कोणाशी जुळवून घेत होतं हे सांगताच येत नाही. एकानेच जुळवून घेतलं असतं तर ४१ चे ८ झाले नसते.

आणि न घेणंही आहे. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात मांडलं की बोलताना आपण समोरच्याच्या लहेजाकडे सरकतो किंवा मुद्दाम त्याच्यापासून लांब जातो. १९७७ मध्ये रिचर्ड बुऱ्ही आणि जाइल्स यांनी वेल्समध्ये वेल्श शिकणाऱ्या लोकांना काही प्रश्न विचारले. विचारणाऱ्याचा उच्चार ठसठशीत इंग्लिश होता. मधेच त्याने विचारलं, ही मरायला टेकलेली भाषा शिकता तरी कशाला? त्यानंतरच्या उत्तरांत त्यांचे उच्चार आणखी वेल्श झाले आणि काहींनी तर बोलण्यात वेल्श शब्द घातले. कुणी ठरवून केलं असेल, कुणी नकळत. एखादा सोपा तक्ता यांना 'अनुकूलनात कमी' असे गुण देऊन मोकळा झाला असता.

घराकडे वळले की माझी लेखणी अडखळते, कारण घरात 'घेणं'च फार. १९६७ मध्ये होम्स आणि राहे यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि लग्नाला ५० गुण धरून बाकीच्यांना तुलनेने गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, निवृत्ती ४५, अगदी सुट्टीलाही १३. घटना गोड की कडू हे त्यांनी बघितलं नाही, बसलेली घडी किती विस्कटते ते बघितलं. ही यादी मला आवडते. फक्त ती घडी पुन्हा घालतं कोण, हे तिला माहीत नाही.

ते रूबेन हिल यांना थोडं दिसलं. १९४९ च्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली कुटुंबं होती, वडील युद्धावर गेलेली आणि मग परत आलेली. वियोगात काही घरांनी फार चांगलं जमवलं. रिकाम्या जागेवर बाकीचे सरकून बसले, कामं वाटून घेतली, निर्णय घ्यायला शिकले. अशा काही घरांना वडील परतल्यावर जास्त जड गेलं, कारण जागा उरलीच नव्हती. चष्मा काढल्यावर बोळा डावीकडे गेला तो असा. वियोगाच्या काळात त्या घरांना कुणी प्रश्नावली दिली असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

मला हे एका बाईंनी दुसऱ्या बाजूने शिकवलं. साठी उलटलेली. प्रश्नावलीच्या मसुद्याची चाचणी चालू होती, मी विधान वाचायचं आणि त्यांनी पाचपैकी एका चौकटीत खूण करायची. चौदावं विधान होतं: 'बदललेल्या परिस्थितीशी मी सहज जुळवून घेते.' त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, हे दोन प्रश्न आहेत."

"कसे काय?"

"जुळवून घेतलं का? घेतलं. सगळं घेतलं. सहज का? नाही हो. आता खूण कुठे करू?"

मी नियमाप्रमाणे म्हटलं, तुम्हाला जे जवळचं वाटेल तिथे करा. त्यांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि मधल्या चौकटीत खूण केली. मधली चौकट म्हणजे 'सांगता येत नाही'. त्यांना तर सगळं सांगता येत होतं. माझ्या तक्त्यात त्या काठावर पास झाल्या. जाताना म्हणाल्या, "आमच्या यांना पण देता का हा कागद?" द्यायचा नव्हता, अभ्यासाच्या आखणीत ते बसत नव्हतं.

कामाच्या जागेबद्दल थोडक्यात, कारण तिथला सर्वात शहाणा विचार जुनाच आहे. मिनेसोटा विद्यापीठात डॉविस आणि लॉफक्विस्ट यांनी १९६४ मध्ये मांडला. त्यांनी दोन प्रश्न वेगळे ठेवले: माणूस कामावर समाधानी आहे का, आणि काम माणसावर? मेळ बसत नसेल तर माणूस स्वतःला बदलतो किंवा कामाला. किती बेबनाव चालवून घ्यायचा आणि किती काळ प्रयत्न करायचा याला प्रत्येकाची हद्द असते. ती संपली की माणूस सोडून जातो. सोडून जाणं त्यांच्या सिद्धांतात आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'बदलाला सामोरे जा' छापाच्या प्रशिक्षणांत मी बसलेय. तिथे स्वतःला बदलण्याचे सोळा उपाय असतात, कामाला बदलण्याचा एकही नसतो.

परमुलखात गेलेल्यांचंही तेच. लीसगार्डने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन अभ्यासकांवरून म्हटलं की सुरुवातीला बरं, मधे खोल गर्ता, मग पुन्हा बरं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने त्याला दुसरी गर्ता जोडली, घरी परतल्यानंतरची. पुढे न्यूझीलंडमध्ये शिकायला आलेल्या जपानी विद्यार्थ्यांना वेळोवेळी विचारलं, तेव्हा सर्वात वाईट काळ पोचल्या पोचल्याचाच निघाला. पहिल्या गर्तेची जागा अशी वादात आहे. घरी परतल्यानंतरच्या गर्तेबद्दल मात्र परतून आलेल्या कुणालाही विचारा.

तर तुम्ही विचारलंत, कशाचीही सवय होते का. स्थिर, एकसुरी गोष्टींची बऱ्यापैकी होते. अधूनमधून दचकवणाऱ्या गोष्टींची अवघड. नोकरी गेल्याची पूर्ण होत नाही. आणि जिथे तुम्ही म्हणता 'त्यांना झाली सवय', तिथे मी आधी विचारते, झाली की घेतली?

चौदाव्या विधानातून आम्ही 'सहज' काढलं. आता ते असं आहे: 'बदललेल्या परिस्थितीशी मी जुळवून घेते.' मूळ प्रश्नावलीशी तुलना त्यामुळे लंगडी पडली, ती कशी सावरायची ते संख्याशास्त्रवाले बघतायत. गेल्या आठवड्यात नव्या चाचणीत एका गृहस्थांनी पुन्हा तिथेच पेन थांबवलं आणि विचारलं, "परिस्थिती म्हणजे कोण?" मी समासात त्यांचं वाक्य लिहून ठेवलंय. मसुदा अजून माझ्याकडेच आहे.