पोलंडच्या सहलीत विल्निअस कशाला?

"ताई, सहल पोलंडची ना? मग त्यातले तीन दिवस लिथुआनियात कशाला?"

फोनवर आमच्या सहलीचा कार्यक्रम वाचून दाखवला की बहुतेकांचा हा प्रश्न येतोच. पाठोपाठ सूचनाही येते, "त्यापेक्षा प्राग करा ना." प्राग सुंदर आहे, जरूर बघा. पण तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी कोल्हापूरची. लहानपणी दिवाळीचं कापड घ्यायला आम्ही गांधीनगरला जायचो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली बाजारपेठ, एवढीच मला तिची ओळख. त्यांच्याआधी याच जागी वळिवड्याची छावणी होती, आणि १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती, हे आजोबांनी सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते. बहुतेक बायका आणि मुलं. आजोबा म्हणायचे, "पोरं अगदी आपल्यासारखी चिंचा पाडायची."

ती इतक्या लांब आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीनं पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियानं पूर्वेकडून पोलंड गिळलं. पूर्वेकडच्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात पाठवलं. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे भारतात आले आणि युद्ध संपायची वाट बघत राहिले. युद्ध संपलं. पण १९४५ मध्ये पोलंडची हद्दच पश्चिमेकडे ढकलली गेली. त्यांची घरं जागेवर होती, देश सरकला होता. ज्यांच्या गावावर आता सोव्हिएत झेंडा होता, त्यांनी परतायचं कुठे? वळिवड्याचे कितीतरी लोक मग इंग्लंडला गेले आणि तिथलेच झाले.

त्या पूर्वेच्या पट्ट्याला पोलिश माणूस 'क्रेसी' म्हणतो. म्हणजे कड, सीमेवरचा मुलूख. आज तो लिथुआनिया, बेलारूस आणि युक्रेनमध्ये विभागलेला आहे. नुसता आजचा नकाशा हातात घेऊन पोलंड फिरलात, तर आपल्या गावात पाच वर्षं राहून गेलेल्या माणसांचं पोलंड तुम्हाला भेटतच नाही. म्हणून लिथुआनियाची राजधानी विल्निअस.

गोष्ट त्याहूनही जुनी आहे. १५६९ मध्ये लुब्लिनला करार झाला आणि पोलंड व लिथुआनिया यांचं एकच मोठं राज्य बनलं. पुढे रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्या करून ते संपवलं. त्यानंतर १९१८ पर्यंत, १२३ वर्षं, पोलंड नावाचा स्वतंत्र देश नव्हता. देश नसताना तो तग धरून राहिला भाषेत. पोलिश लोक ज्याला आपलं राष्ट्रीय महाकाव्य मानतात, ते कवी मित्स्क्येविचचं 'पान तादेऊश' १८३४ मध्ये छापलं गेलं पॅरिसमध्ये, आणि त्याची पहिलीच हाक आहे, "लिथुआनिया, माझ्या मायभूमी!" तिथल्या शाळकरी मुलांना ती ओळ तोंडपाठ असते. पोलंडच्या महाकाव्याचा पहिला शब्द लिथुआनिया! हे एकदा कळलं की कार्यक्रमातले ते तीन दिवस कुणाला उपरे वाटत नाहीत.

आमच्या सहलीत क्राकोव आधी येतं आणि विल्निअस नंतर, हा क्रम मी मुद्दाम लावला आहे. क्राकोवच्या वावेल टेकडीवर कॅथेड्रलच्या तळघरात मार्शल पिउसुत्स्कीची शवपेटी आहे. १९१८ मध्ये पोलंड पुन्हा उभं राहिलं तेव्हा देशाची सूत्रं त्यांच्या हाती आली. १९३५ मध्ये ते गेले. तिथे मी एवढंच सांगते की इथे त्यांचं हृदय नाही. पुढे आठ दिवसांनी आम्ही विल्निअसच्या रासोस दफनभूमीत जातो. फाटकाजवळच सैनिकांच्या कबरींच्या रांगांमध्ये एक मोठी काळी ग्रॅनाइटची शिळा आहे. तिच्यावर नाव नाही. 'आई आणि मुलाचं हृदय' एवढे शब्द पोलिशमध्ये, आणि काही काव्यपंक्ती. स्वतःचं हृदय आईच्या पायाशी ठेवावं, ही त्यांचीच इच्छा होती. त्यासाठी आईच्या अस्थी दुसऱ्या गावाहून इथे आणल्या. शिळेभोवती लाल-पांढऱ्या फिती बांधलेल्या असतात, काचेच्या भांड्यात मेणबत्त्या जळत असतात. एकदा ग्रुपमधल्या एका आजींनी चप्पल बाजूला काढून शिळेला हात लावला आणि तोच हात डोळ्यांना लावला. शेजारी उभी असलेली पोलिश बाई त्यांच्याकडे बघून मान लववून गेली.

पण विल्निअसबद्दल बोलताना माझी एक मोठी चूक झाली होती, तीही सांगते. पहिल्याच वर्षी, ओस्त्रा ब्रामाच्या वेशीखाली, वरच्या खिडकीत मेरीमातेचं चित्र दिसतं तिथे उभी राहून मी ऐटीत म्हणाले, "हे खरं तर पोलिश शहर." आमची स्थानिक गाइड लिथुआनियन. तिनं माझं बोलणं संपू दिलं आणि नंतर बाजूला घेऊन शांतपणे म्हणाली, "हे आमच्या राजांनी वसवलेलं शहर, आमची राजधानी. १९२० मध्ये पोलिश सैन्यानं ते घेतलं, ते आमच्या आजी-आजोबांना कसं वाटलं असेल? तेही तुमच्या लोकांना सांगा." मला खूप वाईट वाटलं, कारण ती बरोबर होती. ज्यू लोक याच शहराला लिथुआनियाचं जेरुसलेम म्हणत, तेही मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून बसमध्ये माइक दोघींकडे फिरतो. पोलिश बाजू मी सांगते, लिथुआनियन बाजू ती. 'ऐतिहासिक पोलिश भूमी' हे शब्द तर मी आता फार जपून वापरते.

लुब्लिनला याच कारणासाठी एक संध्याकाळ ठेवली आहे. युद्धापूर्वी शहराची साधारण एक तृतीयांश वस्ती ज्यूंची होती. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांचा मोहल्ला होता. माणसं मारली गेली, मोहल्ला पाडला गेला. आता तिथे मोकळा चौक आहे. जवळच्या एका रस्त्यावर त्या मोहल्ल्याचा उरलेला एक दिवा आहे, तो दिवसरात्र पेटता ठेवतात. भर उन्हात जळणारा रस्त्यावरचा दिवा, बघायला तसं काहीच नाही. तिथे मी माइक बंद करते.

वॉर्सा, क्राकोवचा चौक, मिठाची खाण हे सगळं आहेच, त्याची काळजी नको. शाकाहाऱ्यांनीही करू नये. बटाटा आणि पनीरासारखं ताजं चीज भरलेल्या, उकडीच्या करंजीसारख्या पिएरोगी सगळीकडे मिळतात. त्यांना 'रुस्किए' म्हणतात. हे नाव रशियावरून नाही, आज युक्रेनमध्ये असलेल्या ल्विवच्या बाजूच्या रुथेनिया या प्रांतावरून आलेलं आहे.

राहिलं ल्विव, पोलिशमध्ये ल्वूव. युद्धामुळे फेब्रुवारी २०२२ पासून तिथे कुणाला घेऊन जाणं शक्य नाही. म्हणून ल्विवची आठवण आम्ही पश्चिम पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये बघतो. १९४५ पर्यंत हे ब्रेस्लाउ नावाचं जर्मन शहर होतं. जर्मनांना घालवलं आणि पूर्वेकडून उखडलेली पोलिश माणसं तिथे आणून वसवली. येताना त्यांनी जमेल ते आणलं. नाटककार फ्रेद्रोचा पुतळा मूळचा ल्विवच्या चौकातला, १९५६ पासून तो व्रोत्सवाफच्या चौकात बसलेला आहे. १७९४ च्या रात्सवावित्सेच्या लढाईचं भलंमोठं वर्तुळाकार चित्रही ल्विवमध्येच रंगवलेलं. लांबी ११४ मीटर, उंची १५. पोलिश सेनापती कोश्च्युश्कोच्या हाताखाली कोयते घेऊन रशियन तोफांवर चालून गेलेले शेतकरी त्यात आहेत. सोव्हिएत दबावाच्या काळात ते लोकांपुढे ठेवणं सोपं नव्हतं. चित्र १९४६ मध्ये आलं आणि खुलं झालं १९८५ मध्ये.

मागच्या सहलीत गांधीनगरचे एक सिंधी काका होते, कापडाचे व्यापारी. फ्रेद्रोच्या पुतळ्यासमोर त्यांनी तिथल्या गाइडला विचारलं, "मग इथे आलेली माणसं राहिली कुणाच्या घरात?"

"जर्मनांच्या," ती म्हणाली. "माझी आजी आली तेव्हा कपाटात त्यांच्या बश्या होत्या. आमच्याकडे अजून दोन आहेत."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर कुणीतरी खिळ्यानं अक्षरं कोरली होती. वडिलांना वाचता यायची नाहीत. पण दाराला रंग द्यायचे तेव्हा तेवढी जागा सोडायचे."

गाइडनं पर्समधून पेन आणि बसचं तिकीट काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी आठवून आठवून एकच अक्षर काढलं, इंग्रजी एल आणि त्याच्या पोटातून गेलेली तिरकी रेघ.

"हे आमचं आहे," ती म्हणाली, आणि तिकीट घडी करून पर्समध्ये ठेवलं.