फ्लॅट टॉप्सवरून ९० किलो मांस पाठीवर: शिकारीची सॅक कशी निवडावी

कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरात, ट्रॅपर्स लेकच्या वरच्या उतारावर जळक्या स्प्रूसचे ओंडके आडवेतिडवे पडलेत. २००२ च्या बिग फिश वणव्यात इथलं उभं रान जळालं. पाठीवर २० किलो मांस घेऊन यातला प्रत्येक ओंडका ओलांडायचा म्हणजे आधी एक पाय पलीकडे, मग काठी टेकून तोल, मग दुसरा पाय. ओझं अर्धा इंच जरी हललं तरी गुडघ्याला लगेच कळतं. गेल्या ऑक्टोबरात ते हललं नाही. आदल्या वर्षी मात्र इतकं हललं होतं की कमरेच्या दोन्ही बाजूंची साल निघाली होती. दोन्ही वेळा माणूस तोच, वाट जवळपास तीच, बदलली होती ती फक्त सॅक.

मी आणि दादा मूळचे कोल्हापूरचे, आता दोघंही कोलोरॅडोत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथे किती जनावरं मारायची हे राज्य ठरवतं, त्याप्रमाणे परवाने निघतात. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा कोर्स केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या दृष्टीने त्याहून मोठं पाप.

आता एल्कचा हिशेब बघा. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो, आणि हाडं काढून टाकली तरी ८० ते १०० किलो मांस उरतं. फ्लॅट टॉप्स हे संरक्षित वाइल्डरनेस आहे. १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे तिथे गाडी तर नाहीच, पण हाताने ओढायची दोन चाकांची गाडीसुद्धा चालत नाही. घोडा नसेल तर उरते ती फक्त तुमची पाठ. ट्रॅपर्स लेक असं राहिलं याचंही एक कारण आहे. १९१९ मध्ये आर्थर कारहार्टला वनखात्याने इथे उन्हाळी बंगल्यांसाठी जागा आखायला पाठवलं होतं, आणि त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीच बांधू नका. ओंडके ओलांडताना मला त्या माणसाचा रागही आला आणि त्याच्याविषयी मनापासून कृतज्ञताही वाटली.

आदल्या वर्षी मी माझी ६५ लिटरची ट्रेकिंगची सॅक नेली होती. सह्याद्रीत आणि हिमालयात तिने कधी दगा दिला नव्हता. पण ट्रेकचं ओझं १२-१४ किलोचं, फुगीर आणि मऊ असतं. मांस म्हणजे दगडासारखं जड, तरीही ढिलं. २० किलो भरल्यावर सॅकमधली ॲल्युमिनियमची पट्टी वाकली, कमरपट्टा घसरून मांड्यांवर आला आणि सगळा भार खांद्यांवर पडला. तेव्हा दादा म्हणाला, "ओझं हाडावर बसलं पाहिजे गं, मांसावर नाही. आजीची चुंबळ आठव." डोक्यावर चुंबळ, त्यावर हंडा, आणि भार सरळ मणक्यातून खाली. इथे चुंबळीचं काम कमरपट्टा करतो.

म्हणून सॅक घेताना लिटर नंतर बघा, आधी फ्रेम, म्हणजे पाठीलगतचा सांगाडा बघा. ती उभी ताठ हवी आणि तिचं वरचं टोक खांद्याच्या दोन-चार इंच वर यायला हवं. तरच खांद्यावरून मागे जाणारे वरचे पट्टे साधारण ४५ अंशात ओढले जातात आणि खांद्यावरचा भार उचलतात. पाठीची लांबी मोजून घ्या. मान पुढे झुकवल्यावर मणक्याचं जे हाड ठळक लागतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या माथ्यावर अंगठे ठेवल्यावर होणाऱ्या रेषेपर्यंत. माझी १६ इंच भरते, दादाची २०. त्याची सॅक मी वापरून पाहिली, तर कमरपट्टा भलतीकडेच बसला. बायकांनी तर कमरपट्ट्याचा आकार बघितल्याशिवाय पैसे देऊच नयेत.

दुसरी गोष्ट, फ्रेम आणि पिशवी यांच्यामध्ये उघडणारी जागा. मांस तिथे, पाठीला चिकटून बसतं आणि बाकीचं सामान बाहेरच्या पिशवीत राहतं. बॉयसीची एक्सो, ग्रँड जंक्शनची सीक आउटसाइड अशा कंपन्या याच धाटणीच्या सॅक बनवतात. नवी सॅक बहुतेक ५०० डॉलरच्या वर जाते. परवडत नसेल तर जुनी, पण मजबूत फ्रेमची घ्या. पैसे वाचवायचे तर दुर्बिणीत वाचवा, इथे नको.

घेतल्यावर घरी परीक्षा घ्या. मी इंडियन स्टोअरमधली २० पौंडी बासमतीची दोन पोती जुन्या चादरीत गुंडाळली, सॅकमध्ये आवळली आणि महिनाभर रोज संध्याकाळी जिना चढले-उतरले. कुठे घासतं, कुठला पट्टा सुटतो, हे तिथेच समजलं.

गेल्या वर्षी दुसऱ्या रायफल सीझनला, म्हणजे बंदुकीच्या शिकारीच्या दुसऱ्या हंगामात, दुपारी एका कड्यावरून आणखी लांबच्या दरीत नर दिसले. मी म्हटलं, "दादा, खाली उतरूया?" तो म्हणाला, "आणायचं कसं ते सांग आधी." आम्ही उतरलो नाही. तासाभराने गाडीपासून साडेचार किलोमीटरवर दादाने एक नर पाडला. आपल्या पाठीला जेवढं अंतर झेपतं, त्याच्या पलीकडे गोळी झाडायची नाही, एवढा एकच नियम मी इतरांच्या गळी उतरवू पाहते.

मांस कापून जाळीदार कापडी पिशव्यांत भरलं आणि सावलीत फांदीला तासभर टांगलं. हे चुकवू नका. गरम मांस लोळागोळा होऊन तळाशी बसतं, गार झालेलं घट्ट राहतं. त्यातला जड भाग आपल्या दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, पाठीलगत येऊ द्या. नर असल्याचा पुरावा मांसाच्या एका तुकड्याला जोडलेलाच ठेवावा लागतो, तो कापताना विसरू नका. इतर शिकाऱ्यांना आपण दिसावं म्हणून घातलेलं केशरी जॅकेट सॅकमुळे झाकलं जातं, म्हणून सॅकवर आणि शिंगांवर केशरी कापड बांधा.

उभं राहतानाही घाई नको. सॅक ओंडक्याला टेकवून बसा, आधी कमरपट्टा आवळा, मग खांद्याचे पट्टे, शेवटी वरचे. मग गुडघ्यावर येऊन काठ्यांच्या आधाराने उठा. पहिल्या संध्याकाळी दादाने २८ आणि मी २० किलो आणलं. उरलेलं आतड्यांच्या ढिगापासून शंभरेक मीटर दूर उंच टांगून ठेवलं, कारण इथे काळी अस्वलं आहेत. सकाळी मोठ्याने बोलत परत गेलो आणि २४ अधिक १८ किलो उतरवलं. डोकं दादाच्या सॅकवर बांधलं, ते हरणांच्या सीडब्ल्यूडी या रोगाच्या तपासणीसाठी द्यायचं होतं. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये तसंच ठेवलं. तो चांगला आला, मग त्या रविवारी पांढरा रस्सा केला.

सॅक घरी आल्या आल्या गार पाण्यात धुवा. गरम पाण्याने रक्ताचे डाग पक्के होतात, आणि वास राहिला तर पुढच्या खेपेला अस्वलाला तो आधी लागतो.