शीग

आमच्या घरी तांदूळ मोजायला अजून सासूबाईंचे पितळी मापटे आहे. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली हे कोष्टक त्यांना तोंडपाठ होते; मला एवढेच ठाऊक की आम्हा पाच जणांच्या दुपारच्या भाताला एक मापटे पुरते. खानापूरकडचा तांदूळ त्यात ओतला की काठाच्या वर आपोआप एक लहानसा डोंगर उभा राहतो. तीच शीग. ‘उत्साह शिगेला पोहोचला’ असे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी खरी शीग पाहिली असेल, कोण जाणे.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायातले ३८ वे वचन मला म्हणूनच स्वयंपाकघरातले वाटते. ‘चांगले माप दाबून, हालवून व शीग भरून तुमच्या पदरी घालतील.’ हे शब्द ज्याने कधी माप धरले नाही त्याला सुचायचे नाहीत. बेळगावच्या बाजारात चुरमुरे मापाने घेताना हालवण्याचे महत्त्व कळते, कारण न हालवलेल्या मापात निम्मी हवाच असते. आमची नेहमीची चुरमुरेवाली मात्र हालवायला तयार होत नाही. ‘हालवलं तर चुरा होतोय की अक्का,’ म्हणते आणि मग आपल्याच मनाने वर एक मूठ टाकते. तिची ती मूठ मला वचनावरच्या पुष्कळ विवरणांपेक्षा जास्त समजावून गेली आहे. आणि पदराचे म्हणाल, तर येशूच्या देशात अंगावरच्या वस्त्राच्या ओच्यात धान्य घेत असत. बायबलमधल्याच बवाज या शेतमालकाने रूथ या गरीब विधवेच्या अंगावरच्या वस्त्रात सहा मापे सातू घातले, ते असेच. मराठी भाषांतरकारांना शब्द शोधायला फार लांब जावे लागले नसणार.

मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, हे वचन बहुधा दानार्पणाच्या वेळी वाचले जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही, छपराची डागडुजी पैशांवाचून होत नाही. पण त्याच्या आधीच्या ३७ व्या वचनात पैशांचा उल्लेखही नाही. तिथे इतरांचे दोष काढू नका, कोणाला दोषी ठरवू नका आणि क्षमा करा, एवढेच सांगितले आहे. म्हणजे माप येते ते क्षमेच्या पाठोपाठ. हे लक्षात आले तेव्हा मला माझ्या धाकट्या जावेची आठवण झाली, आणि ती काही आनंदाने झाली नाही. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात ती माझ्याबद्दल चार लोकांत जे बोलली, ते मी तीन वर्षे जपून ठेवले आहे. ‘क्षमा केली’ असे मी प्रार्थनेत अनेकदा म्हटले, परंतु ते काठावरून हात फिरवून सपाट केलेले माप होते. येशूचा शिष्य पेत्रही ‘भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा?’ असे विचारत प्रभूकडे सातचे माप घेऊनच आला होता, आणि त्याला सातांच्या सत्तर वेळांचे उत्तर मिळाले. त्यापुढे प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात, म्हणजे बोधकथेत, एका चाकराचे दुसऱ्याकडे शंभर दीनार येणे असते. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज, तेव्हा हे येणे तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक झाले. माझे दुखणे क्षुल्लक आहे असे प्रभू म्हणत नाही, याचा मला आधार वाटतो. येणे मागणाऱ्या त्या चाकराला स्वतःला धन्याकडून किती अफाट कर्ज सुटले होते, तो भाग मी जरा भरभर वाचते.

परवा जाऊ आंबोळ्यांसाठी तांदूळ मागायला आली. मी मापटे भरले, आणि सवयीने हात काठाकडे गेला तो तसाच मागे घेतला. शिगेवरचे चार दाणे फरशीवर सांडले. ‘सांडलं की अक्का,’ म्हणत ती वेचायला खाली बसली, आणि मीही बसले. तीन वर्षांपूर्वीचे आम्ही कोणीच काढले नाही.