धुरा कोरला तर पेरणी गेली

१४५३ म्हटलं की महाराष्ट्रात शाळा शिकलेलं कुणीही पुढचं वाक्य घडाघडा म्हणून दाखवतं, ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं, खुष्कीचे व्यापारी मार्ग बंद झाले, म्हणून युरोपियनांना समुद्रमार्ग शोधावा लागला. एमपीएससीची पोरं तर प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देतात. झाला बायझंटाईन इतिहास, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल (आजचं इस्तंबूल) राजधानी असलेल्या पूर्व रोमन साम्राज्याचा इतिहास. ११ मे ३३० ला राजधानी म्हणून शहराचं उद्घाटन, २९ मे १४५३ ला शेवट, मधली १२०४ ते १२६१ ची वर्षं क्रुसेडवाल्यांनी शहर बळकावलं ती सोडली तरी हजारावर वर्षं चाललेलं राज्य, आणि आपल्या सिलॅबसमधे त्याचा फक्त मरणाचा दिवस आहे.

बरं ते वाक्यही तितकंसं खरं नाही. पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउटा घेतलं १४१५ ला, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडायच्या कितीतरी आधी ते आफ्रिकेच्या किनाऱ्यानं खाली सरकायला लागले होते, आणि व्हेनिसवाले १४५३ नंतरही इजिप्तच्या अलेक्झांड्रियात मिरी विकत घेतच होते. पण हे वर्गात सांगितलं की हमखास एक हात वर येतो, मॅडम परीक्षेत काय लिहायचं? मी म्हणते पुस्तकातलं लिहा अन् डोक्यात हे ठेवा. पोटापाण्याचा प्रश्न असतो त्यांचा, चिडण्यात अर्थ नाही.

मी याच विषयात कशी पडले हे लोक फार विचारतात (लग्नात तर हमखास, आणि मग "म्हणजे नेमकं काय गं ते?" म्हणून काकू लोक पुढच्या पाहुण्याकडे वळतात). नागपुरात इतिहासात एमए करणाऱ्यापुढे वाटा ठरलेल्या, वाकाटक, गोंड, भोसले, नाहीतर स्वातंत्र्यलढा. मिराशींसारखा माणूस ज्या गावात वाकाटकांचे ताम्रपट वाचत बसला तिथं वाकाटक करू नये तर काय करावं. मी मात्र एमएच्या दुसऱ्या वर्षी मध्ययुगीन युरोपचा पेपर वाचताना दहाव्या शतकातल्या बायझंटाईन टॅक्स वसुलीत अडकले ते अडकलेच. पीएचडीच्या सिनॉप्सिसच्या वेळी कमिटीतल्या एका सरांनी विचारलं, याचा विदर्भाशी काय संबंध? तेव्हा मी काहीतरी जागतिक इतिहास वगैरे गुळमुळीत बोलले असणार. आज विचारलं तर तासभर सोडणार नाही त्यांना.

ग्रीक शिकायची सोय इथं नाहीच, त्यामुळे पीडीएफवरून व्याकरण आणि रात्री ऑनलाईन क्लास, कारण तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली झोपायची वेळ. नोकरीचं काय सांगू, तासिका तत्त्वावर ज्यांनी कॉलेजं केली त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी नाही केली त्यांना सांगून कळणार नाही.

तर मुद्दा असा की बायझंटाईन म्हटलं की लोकांना सोन्याचे मोझाईक आठवतात, आया सोफियाचं जुनं चर्च आठवतं, राजवाड्यातली कारस्थानं, डोळे काढलेले सम्राट. ते आहेच. पण माझ्या मते त्या राज्याचा खरा जीव दोनच ठिकाणी होता, ऑफिसात आणि शेताच्या बांधावर. आणि या दोन्ही गोष्टी नागपूरच्या माणसाला जितक्या पटकन कळतात तितक्या पुस्तकं वाचूनसुद्धा कळत नाहीत. हे गाव एकेकाळी एका अख्ख्या प्रांताची राजधानी होतं, अजूनही हिवाळी अधिवेशन आलं की अर्धं शहर प्रोटोकॉलमधे बुडतं, कोणाची गाडी कुठे लागणार, कोणाला कोणत्या रांगेत बसवणार. मी दर डिसेंबरात मुलांना फिलोथिओसबद्दल सांगते. हा गृहस्थ ८९९ मधे सम्राटाच्या मेजवान्यांचा बंदोबस्त बघायचा आणि त्यानं एक पूर्ण ग्रंथ लिहून ठेवलाय, कोणी कुठे बसायचं याचा. १८ पदव्या, ६० हुद्दे, त्यांचा उतरता क्रम, बाहेरून आलेल्या दूतांना कुठे बसवायचं तेही. ज्याची आई कलेक्टर ऑफिसात क्लार्क आहे ते पोरगं हे ऐकून हसत नाही, नुसतं मान हलवतं.

पगाराची गोष्ट तर अजून भारी आहे. ९४९ मधे इटलीतून लिउटप्रांड नावाचा एक दूत दरबारात गेला होता, त्यानं वर्षाचा पगार वाटताना स्वतः बघितला. पाम संडेच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आधीचा आठवडा. लांबलचक टेबलावर नाण्यांच्या थैल्या मांडलेल्या, प्रत्येक थैलीवर रक्कम लिहिलेली, आणि सम्राट स्वतः बसलेला. हुद्द्याप्रमाणे एकेकाला आत बोलावायचे. सगळ्यात मोठ्या अधिकाऱ्याला थैल्या हातात नाही, खांद्यावर देतात. सेनापती आणि नौदलप्रमुखाला इतकं मिळालं की उचलेना, लोकांची मदत घेऊन ओढत न्यावं लागलं. मग मॅगिस्ट्रोस ही मोठी पदवी असलेले २४ जण, प्रत्येकाला २४ पौंड सोनं. रोमन पौंडात ७२ नाणी बसायची, एक नाणं साधारण साडेचार ग्रॅमचं, म्हणजे एकेकाचे साडेसात किलोच्या वर झाले, करा हिशोब आजच्या भावानं. तीन दिवस हे चाललं, आणि हे फक्त एक पौंड आणि त्यावरच्या पगारवाल्यांचं, खालच्यांचे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हातून. सम्राटानं लिउटप्रांडला विचारलं कसं वाटलं, तर हा म्हणे मलाही काही मिळालं असतं तर आवडलं असतं. सम्राट हसला आणि त्यालाही एक झगा आणि एक पौंड सोनं दिलं.

आणि हा पगार विकतही मिळायचा बरं का. क्टेनास नावाचा एक म्हातारा पाद्री, पैसेवाला, गाणारा तर त्या काळात एक नंबरचा, त्याला प्रोटोस्पाथारिओस व्हायचं होतं. सम्राट सहावा लिओ. क्टेनासनं ४० पौंड सोनं देऊ केलं, सम्राट नाही म्हणाला, पाद्र्याला ही पदवी शोभत नाही म्हणून. मग यानं वरून १० पौंडाची कर्णभूषणं आणि १० पौंडाचं चांदीचं टेबल ठेवलं, एका वजनदार दरबाऱ्यानं मधे शब्द टाकला, झाले ६० पौंड, मिळाली पदवी. तिचा पगार वर्षाला एक पौंड. दोन वर्षं जगला बिचारा. साठ घालून दोन परत. पण तो दरबारात त्या पोशाखात उभा राहून गेला, आणि मला वाटतं त्याला पैशाचं काही वाटलंच नसणार, आपल्याकडे शाल-श्रीफळासाठी लोक काय काय करतात ते बघितल्यावर.

अशी माणसं सापडतात कुठे, तर सगळ्यात जास्त शिशाच्या मोहरांवर, म्हणजे पत्रांच्या शिक्क्यांवर. पत्राची दोरी शिशाच्या कोऱ्या चकतीतून ओवायची आणि सांडशीसारखं एक लोखंडी अवजार वरून दाबायचं, दोन्ही बाजूंना नाव, पदवी, हुद्दा उमटतो. पत्रं सगळी कुजली, शिसं राहिलं. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स या संशोधन संस्थेत अशा सतरा हजारांच्या आसपास मोहरा आहेत आणि कितीतरींचे फोटो ऑनलाईन बघता येतात. उन्हाळ्यात कूलर लावून दुपारभर मी तेच करत असते, एकाच माणसाच्या दोन मोहरा सापडल्या आणि दुसरीवर पदवी वाढलेली दिसली की त्याच्या प्रमोशनचा मला आनंद होतो, स्वतःची फाईल कुठल्या टेबलावर आहे ते माहीत नसताना.

पण वर्गात सगळ्यात जास्त काय चालतं तर शेतकऱ्यांचा कायदा, नोमोस जिओर्जिकोस. सातव्या-आठव्या शतकातला, ८५ कलमांचा छोटा कायदा, त्यात राजा नाही, चर्च नाही, नुसतं गाव. माझ्या वर्गात काटोल, कळमेश्वर, उमरेडकडची मुलं बरीच असतात. पहिलंच कलम सांगते, शेतकऱ्यानं आपलं वावर वाहताना शेजाऱ्याच्या नांगराच्या तासात शिरू नये. शिरला, धुरा (बांध) कोरला, आणि नांगरतानाच धरला तर त्याची नांगरटीची मेहनत गेली. पेरून मोकळा झाला असेल तर बी पण गेलं, मेहनत पण गेली, पीक पण गेलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, म्हणजे पीकबी शेजाऱ्याचं?"

"हो."

"मंग आमच्या काकाचं तं काहीच उरत नाही जी!"

सगळा वर्ग फुटला. नंतर कळलं की काकाची केस खरंच कोर्टात आहे.

पुढची कलमं तर मी वाचायची गरजच पडत नाही, तेच विचारत जातात. गुराख्याच्या ताब्यात सकाळी बैल दिला आणि लांडग्यानं खाल्ला तर? तर गुराख्यानं मालकाला मढं दाखवायचं, दाखवलं तर तो सुटला. उमरेडची मुलगी लगेच म्हणाली आमच्याकडे वाघ असतो आणि फॉरेस्टवाले पंचनाम्याला येईपर्यंत मढं हलवू देत नाहीत. बैलाची घंटी चोरली तर फटके, आणि घंटी नसल्यामुळे बैल हरवला तर घंटीचोरानं बैल भरून द्यायचा. दुसऱ्याच्या द्राक्षाच्या किंवा अंजिराच्या बागेत कोणी शिरलं तर? खायला शिरला असेल तर सोडून द्या, चोरून न्यायला शिरला असेल तर मारा आणि अंगातला सदरा काढून घ्या. संत्र्याच्या पट्ट्यातल्या पोरांना हे कलम समजावून सांगावं लागत नाही.

मग हळूच मी त्यांना दहाव्या शतकात आणते, कारण तिथं गंमत संपते. ९२७-२८ चा हिवाळा भयंकर गेला, जमीन महिनोन्‌महिने गोठलेली, दुष्काळ पडला, आणि लहान शेतकऱ्यांनी मूठभर धान्यासाठी जमिनी विकल्या. घेणारे कोण, तर सेनापती, मोठे अधिकारी, बिशप, मठाधिपती. कायद्यात त्यांची यादीच आहे, म्हणजे ज्यांच्याकडे तक्रार घेऊन जायचं तेच. सम्राट पहिल्या रोमानोसनं ९३४ मधे कायदा काढला, पडत्या भावात घेतलेल्या जमिनी परत करा. त्याला शेतकऱ्याचा कळवळा होता का? थोडा असेल, पण कायद्यात कारण स्वच्छ दिलंय, लहान शेतकरी गेला तर सारा कोण भरणार आणि सैन्यात कोण येणार. ९९६ मधे दुसरा बेसिल अजून कडक झाला, चाळीस वर्षं ताबा असला की जमीन तुमची ही पळवाटच त्यानं बंद केली. साधारण १००२ मधे त्यानं सांगितलं, गावातला गरीब शेतकरी सारा भरू शकला नाही तर त्याचा सारा शेजारच्या बड्या जमीनदारानं भरायचा.

हे सांगितलं की वर्गाचे दोन भाग पडतात. अर्धे खूष. बाकीचे म्हणतात, मॅडम, दुसऱ्याचा सारा मी काहून भरू? मालगुजारीच्या (इकडच्या जुन्या जमीनदारीच्या) गोष्टी आजोबांकडून ऐकलेला एकजण मात्र म्हणाला की हे कागदावर राहिलं असणार, मालगुजार काय स्वतःच्या खिशातून भरेल होय, कुळाच्याच मानगुटीवर बसेल. मला हे म्हणणं फारच आवडलं, कारण माझ्या थिसिसचं एक अख्खं चॅप्टर याच प्रश्नाशी झगडतंय, तेही इतकं नीट नाही. बेसिल १०२५ ला गेला आणि १०२८ मधे तिसऱ्या रोमानोसनं गादीवर येताच शेजाऱ्याचा सारा भरायचा तो नियम रद्द करून टाकला. बड्यांनी तीन वर्षं कळ काढली फक्त.

आता नवीन क्रेडिटच्या भानगडीत मध्ययुगीन युरोपचा पेपर आटून बायझंटाईनला एकच युनिट उरलंय. मी सहाव्या शतकातला सम्राट जस्टिनियन दोन तासांत उरकते, १४५३ एका तासात, आणि उरलेलं सगळं या ८५ कलमांना. अॅशबर्नर नावाच्या अभ्यासकानं १९१० च्या सुमारास ग्रीक पाठ आणि इंग्रजी भाषांतर छापलं होतं, ते समोर ठेवून मूळ ग्रीकवरून मराठी करायचं काम चालू आहे, निम्म्याच्या पुढे आलेय. द्राक्षबागा, अंजिरं, कुंपणं, मेंढपाळाचा कुत्रा मारणारा, हे होत आलं. झोपडी आणि पेंढ्याला आग लावणाऱ्यांची कलमं बाकी आहेत, ती सुट्ट्या लागल्या की घेते. कोणाला कच्चा खर्डा वाचायचा असेल तर सांगा, विशेषतः ज्यांनी स्वतः शेती केलीय त्यांनी, कारण औताचे आणि बांधाचे शब्द मला नागपूर शहरात बसून पुरत नाहीत.