तुम्ही विचारलंत म्हणून: चांदीच्या भावाहून जास्त का मोजता?

माझा संग्रह पाहिला की हमखास विचारलं जातं: चांदी ती चांदीच, मग एका औंसाच्या नाण्यासाठी भावाच्या कितीतरी पट पैसे का? नुसती चांदी साठवायची असेल तर खरंच मोजू नका, वीट घ्या. मला हवी असतात ती ओरखड्यांतून बचावून शाबूत राहिलेली नाणी.

बुलियन नाणी, म्हणजे मुख्यतः धातूच्या किमतीसाठी घेतली जाणारी नाणी, जपण्यासाठी पाडलेलीच नसतात. यंत्रातून पडताना ती एकमेकांवर आदळतात, नळ्यांमध्ये भरली जातात, वजनावर विकली जातात. किती पाडायची हेही बहुतेकदा मागणीवर ठरतं, त्यामुळे एखादं वर्ष कुणी न ठरवताच दुर्मीळ होऊन बसतं. 1996 मध्ये अमेरिकन सिल्व्हर ईगल नाणी जेमतेम 36 लाख पाडली गेली. 1997 चे कॅनडाचे मेपल लीफ एक लाखाच्या थोडे वर, तर 1998 चे मेक्सिकोचे एक औंसाचे लिबर्ताद 67,000. 1995 चं अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट टांकसाळीचं प्रूफ (खास संग्राहकांसाठी पाडलेलं, चकचकीत) ईगल आणखी कमी, 30,125; पण ते सोन्याच्या नाण्यांच्या संचाबरोबरच मिळायचं, म्हणजे टंचाई मुद्दाम घडवलेली. त्याचा मान मोठा आहे, तरी माझा जीव आपोआप मागे राहिलेल्या नाण्यांवरच जास्त.

त्यातही दर्जा पाहायचा. ग्रेडिंगची, म्हणजे नाणं तपासून त्याच्या दर्जाला आकडा देण्याची, मोजपट्टी 70 पर्यंत जाते. 70 म्हणजे पाचपट भिंगाखालीही पाडल्यानंतरचा एकही ओरखडा दिसता कामा नये. हल्लीची नाणी थेट टांकसाळीच्या पेट्यांतून ग्रेडिंगला जातात, त्यामुळे त्यांच्यात 70 ढिगाने सापडतात. 1996 चं ईगल तेव्हा इतकं जपलं कुणी? म्हणून त्या वर्षाचं 69 मी आजच्या 70 पेक्षा आनंदाने घेईन.

मेपल लीफच्या बाबतीत मात्र आकड्यावर विसंबू नका. त्यावर दुधी डाग उमटतात, कधीकधी ग्रेडिंग होऊन स्लॅबमध्ये (दर्जाचं लेबल लावलेल्या प्लास्टिकच्या सीलबंद डबीत) बंद झाल्यावरसुद्धा. 2018 पासून रॉयल कॅनेडियन मिंट त्यासाठी नाण्यांवर खास प्रक्रिया करते. जुन्यांना ते संरक्षण नाही. असे डाग रसायनात बुडवून काढायला गेलं की बऱ्याचदा मूळ झळाळीच जाते. म्हणून असं नाणं दिव्याखाली तिरपं धरून, हळूहळू फिरवत पाहायचं, आणि लेबल सगळ्यात शेवटी वाचायचं.