दोन तुटक रेषा

गावनकाशा समोर आला की माझी नजर आधी तुटक रेषांवर जाते. जोडीनं चाललेल्या दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, एकटीच असेल तर पायमार्ग. साताऱ्यात खासगी मोजणीची कामं करत मला एकवीस वर्षं झाली, त्यामुळे ही सवय आता जायची नाही. आपल्याकडच्या जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे सोळा आणे. पायमार्गाला चार आणे, म्हणजे सव्वाआठ फूट. गाडीमार्ग आठ आण्यांपासून, म्हणजे साडेसोळा फुटांपासून पुढे. बैलगाडी, तिच्या बाजूनं चालणारा माणूस आणि समोरून कोणी आलं तर अंग चोरायला जागा, एवढं सगळं त्या आठ आण्यांत मावतं.

तीन वर्षांपूर्वी ग्रॅव्हल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी सायकल, घेतली ती या रेषांसाठीच. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर ४२ मिलिमीटर रुंद, ट्यूबलेस, डिस्क ब्रेक. पुढं ४० दातांची एकच चकती आणि मागं सगळ्यात मोठी ४२ दातांची. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरवर पायडलची एक फेरी झाली तरी मागचं चाक एक पूर्ण फेरा घेत नाही. यवतेश्वरच्या घाटात याची किंमत कळते. साताऱ्यातल्या समर्थ मंदिरापासून चढ सुरू होतो आणि माथा येईपर्यंत सोडत नाही. शहर ७०० मीटरच्या आसपास, कासचं पठार १२००च्या आसपास, अंतर पंचवीसेक किलोमीटर.

इथपर्यंत डांबरच आहे, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मला सांगायचंय ते कासच्या पुढचं. तिथून डोंगराच्या धारेनं एक जुनी वाट उत्तरेला महाबळेश्वरकडे निघते. लोक तिला राजमार्ग म्हणतात. कुमुदिनी तलाव, मग सह्याद्रीनगर, गाळदेव, मोळेश्वर आणि शेवटी माचुतर. डावीकडे खाली कोयना धरणाचं शिवसागर, उजवीकडे वेण्णेचं खोरं. काही तुकडे डांबरी झालेत, काही अजून कच्चे आहेत. माझा जीव त्या कच्च्या तुकड्यांत.

कच्चा रस्ता म्हणजे काय, हे टायरखालीच कळतं. पठारावर वर जांभा आणि खाली काळा पाषाण. जांभा झिजून त्याचे गोल, लालसर खडे वाटेवर पसरतात, कोणी मणी सांडल्यासारखे. सपाटीला त्यांचं काही वाटत नाही, उताराला मात्र तेच चाक पळवतात. काळ्या पाषाणाची खडी धारदार असते पण पकड देते. मुरूम ओला असला तर चिकटतो, वाळला की त्याच्यासारखी वाट नाही. पहिल्या वर्षी मी रस्त्यावरच्या सवयीनं टायरमध्ये ५० पीएसआय हवा भरली होती. गाळदेवच्या अलीकडच्या घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या खड्यांच्या उतारावर, पुढचा ब्रेक दाबला आणि कोपरावर पडलो. मागचा गिअरही वाकला. आता माझ्या ६८ किलो वजनाला पुढं ३० आणि मागं ३४ ठेवतो. घसाऱ्यावर वजन मागं घेतो, पुढच्या ब्रेकला फक्त बोट टेकवतो आणि जे वळण घ्यायचंय तिकडंच बघतो. चाक नजरेमागं जातं.

त्या दिवशी सायकल ढकलत एका मुऱ्यावर पोचलो. मुरा म्हणजे डोंगरमाथ्यावरची गुरांची वस्ती. चार घरं, गोठे, शेणानं सारवलेलं अंगण. एका म्हाताऱ्या आजींनी कोपर धुवायला पाणी दिलं, तांब्याभर ताक दिलं आणि सायकलीकडं बराच वेळ बघत बसल्या. मी म्हटलं, "आजी, चढ फार उभा आहे हो."

"उभा कशाला चढतोस लेकरा?" त्या म्हणाल्या. "म्हसरं बघ कशी जात्यात. चढ आला की वळसा घालत्यात. वाट त्यांनीच पाडलीया. तूबी त्यांच्या मागनं जा."

अठरा वर्षं मी उतारांची मापं घेतली होती, पण हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी वाटा तशा बघायला लागलो. ही कोणी पाडली आणि कशासाठी? म्हशींची वाट चढाला आडवी जाते, रुंदीला कमी असते, पण दम लागू देत नाही, आणि ती हमखास पाण्याशी नेते. पाण्यासाठी केलेली वाट वेगळी. कासच्या तलावाचं पाणी पूर्वी उघड्या पाटानं साताऱ्याला यायचं, पंपाशिवाय, निव्वळ उतारावर. त्यामुळे पाटाची रेघ डोंगराच्या प्रत्येक घडीत आत जाते आणि बाहेर येते, पण चढत कधीच नाही. मोजणीवाल्या माणसाला याहून सुंदर रेघ दुसरी नाही.

पवनचक्क्यांचे रस्ते आणखी वेगळे. साताऱ्याच्या बोगद्यातून सज्जनगडाकडं, पुढं ठोसेघर आणि वर चाळकेवाडी. तिथून सडावाघापूरच्या बाजूला पठारावर मुरमाचे रस्ते पसरलेत. ते ऐसपैस आहेत आणि त्यांची वळणं मोठी आहेत, कारण पवनचक्कीचं पातं लांबच्या लांब ट्रेलरवरून न्यायचं तर आखूड वळणावर ते वळत नाही. पहिल्यांदाच ग्रॅव्हलवर जाणाऱ्याला मी इथंच नेतो. फक्त एक, चक्क्या जिथं उभ्या केल्यात तिथं वारा असणारच. सकाळी लवकर निघावं, तारळ्याकडं उतरून नागठाण्यावरून परत यावं.

माझा भाचा ऑस्ट्रियात इन्सब्रुकला शिकतो. तोही सायकलवाला. त्यानं इन नदीच्या खोऱ्यातले फोटो पाठवले तेव्हा मी त्याला पहिलं विचारलं की हे रस्ते कोणी केले. खाली नदीकाठी गावं, वर सूचिपर्णी जंगल, जंगलाच्या वर उघडं कुरण. त्या कुरणालाच तिकडं आल्प किंवा आल्म म्हणतात. उन्हाळ्यात गुरं वर नेतात, तिथंच दूध काढून चीज करतात आणि सप्टेंबरच्या सुमाराला गुरांना सजवून खाली आणतात. म्हणजे आपला मुराच की! तिथली खडीची वाट बरीचशी गुराख्यांची आणि लाकूडतोडीची. वनरस्त्यावर चालायला तिथं मोकळीक आहे, पण सायकल न्यायला मालकाची परवानगी लागते. टिरोलमध्ये मालकांशी करार करून ठरावीक वाटा सायकलींना खुल्या केल्यात आणि तिथं तसे फलक आहेत. भाच्याला ते जाचक वाटतं. मला पटलं. वाट कोणाच्या तरी कामाची असते. आपण त्यावरून जातो.

म्हणून कासबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पठारावरची माती वीतभरही नाही, बऱ्याच ठिकाणी बोटभर, आणि खाली सलग जांभा. त्या बोटभर मातीवर सीतेची आसवं, गेंद, तेरडा उगवतात. सीतेची आसवं तर मातीतून पुरेसं पोषण मिळत नाही म्हणून बारीक जीव पकडून जगतात. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कासही आहे. ओल्या पठारावर वाट सोडून एक चाक गेलं तरी चाकोरी उमटते, पुढच्या पावसाचं पाणी त्याच चाकोरीतून वाहतं आणि माती घेऊन जातं. फोटोसाठी फुलांत सायकल आडवी टाकलेली मी पाहिली आहे. तिथं मला राग आवरत नाही. फुलांच्या दिवसांत मी सायकल नेतच नाही, चालत जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे माझे सायकलीचे महिने. वाट सुकलेली, हवा स्वच्छ, खाली शिवसागर भरलेलं. निघण्याआधी वनविभागाच्या माणसांना कोणता तुकडा खुला आहे ते विचारून घ्यावं. आणि गवे असतात हे विसरू नये. समोर आले तर थांबायचं, घंटी वाजवायची नाही, त्यांना जाऊ द्यायचं.

पाणी कासला दोन बाटल्या भरून घेतो. सोबत एक ट्यूब, साखळीची कडी, मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर आणि भाकरी-चटणी. माचुतरला डांबर लागलं की केळघरचा घाट उतरून मेढ्यावरून घरी. मीटरवर शंभराच्या वर किलोमीटर होतात आणि दिवस संपतो.

मागच्या डिसेंबरात त्या मुऱ्यावर पुन्हा गेलो. आजींसाठी साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते. त्यांनी मला ओळखलं नाही, सायकल ओळखली. गोठ्यामागच्या चढाकडं हात करून विचारलं, "वळसा घालून आलास न्हवं?"

हो म्हटलं. मग त्यांनी ताक आणलं.